पंचमीनिमित्त तळलेले मोमो बंद

यंदा पंचमीच्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मोमोच्या रांगेत उभा राहिलो आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

वसमतला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत सलीमभाईचं चायनीजचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते त्याला पाटी आहे म्हणून. बाकी तीन बाजूंना पत्रे, पुढे लोखंडी टेबल, टेबलाशेजारी शेगडीवर अॅल्युमिनियमची एकावर एक रचलेली उकडायची भांडी आणि लाल प्लास्टिकची स्टुलं, जी माणसांना कधीच पुरत नाहीत. तिखट चटणी मोठ्या मगात भरून ठेवलेली असते, जो तो आपल्या हाताने ओतून घेतो. पाणी कोपऱ्यातल्या जारमधून. पंखा नाही. हात पुसायला वर्तमानपत्राचे तुकडे. आणि तरीही गर्दी अशी की जणू इथे काही फुकट वाटतायत.

मी हळदीच्या एका आडतीवर वजनकाट्याजवळ बसतो. पोतं चढतं, आकडा स्थिर होतो, मी तो मोठ्याने वाचतो, पोतं उतरतं, दुसरं चढतं. या कामाची सवय अशी की मागचा माणूस पुढे गेलेला मला सोसत नाही. सलीमभाईकडे मागचा आणि पुढचा हा प्रकारच नव्हता. ज्याचा आवाज मोठा त्याची प्लेट आधी. शिवाय एका प्लेटमधले मोमो टपोरे, दुसरीतले वाळलेले. ते बघूनच माझं डोकं तापलं होतं.

माझ्याबरोबर माझी बायको सुनंदा होती, कॉलेजात जाणारी मुलगी गौरी होती आणि माझी थोरली बहीण होती, आक्का. आक्का रिसोडकडे दिलेली. मधली बरीच वर्षं ती पंचमीला माहेरी आली नव्हती. यंदा आली, एका पिशवीनिशी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत जाते असं आल्या आल्याच सांगून टाकलं. माय गेली, बापू गेले, गावातलं घर आता आमचं नाही. तिचं माहेर म्हणजे वसमतमधल्या माझ्या तीन खोल्या, एवढंच उरलंय. तिने पुन्हा यावं, दर पंचमीला यावं, एवढी एकच गोष्ट मला या सणाकडून पाहिजे होती. तिच्यासाठी मी सगळं ठरवून ठेवलं होतं. आणि ठरवलेल्यातलं एकही धड झालं नव्हतं.

"बाई बाई," आक्का पाटीकडे मान वर करून बघत म्हणाली. पाटीवर रंगाऱ्याने ड्रॅगन काढला होता. त्याने ड्रॅगन कधी बघितलेला नसावा, म्हणून त्याला जे माहीत होतं तेच त्याने काढलं होतं. फणा, वेटोळं, दोन जिभा आणि वरून मिशा. "हा तर नागोबाच हाय. मिशीवाला. हात जोडावं का काय याला?"

"आत्या, तो ड्रॅगन आहे. चायनाचा," गौरी म्हणाली.

"चायनाचा असू दे. आज पंचमी त्यालाबी लागू." आणि तिने खरंच हात जोडले.

पाटीखाली पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून लावलं होतं, 'पंचमीनिमित्त तळलेले मोमो बंद. कोबी कालच चिरलेली आहे.'

हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे पंचमीला काही चिरत नाहीत, काही तळत नाहीत, तवा चुलीवर ठेवत नाहीत. तवा म्हणजे नागाचा फणा असं माय सांगायची. विळी भिंतीला उलटी टेकवलेली असते, तवा फळीवर असतो आणि शेतात कुदळसुद्धा मारत नाहीत. त्या दिवशी जे खायचं ते उकडून. सलीमभाई इथलाच, पुण्याला एका हॉटेलात काम करून परत आलेला. पंचमीला त्याच्याकडे कोणी तळलेलं मागत नाही आणि प्रत्येक बाई कोबी कधी चिरली म्हणून विचारते, हे त्याच्या लक्षात आलं. आता तो आदल्या दिवशीच सगळं चिरून ठेवतो. त्यामुळे पंचमीला त्याच्याकडे दुप्पट गर्दी असते. माहेरी आलेल्या सगळ्या पोरीबाळी, हातावर मेंदी, नव्या बांगड्या, कडेवर लेकरं. सण घराघरांतून उठून जणू या पत्र्याखाली येऊन उभा राहिला होता. आणि मला ते बघून आनंद व्हायला पाहिजे होता, पण होत नव्हता.

तेवढ्यात सलीमभाईने वरच्या भांड्याचं झाकण काढलं.

पांढरी वाफ पत्र्यापर्यंत गेली, तिथून खाली वळली आणि सगळ्यांच्या तोंडावर आली. चष्म्यावर पाणी साठलं, मला काही दिसेना. ओल्या कणकेचा वास. शिजलेल्या पिठाचा तो कोमट, कशातच न मोडणारा वास. तो नाकात गेला आणि मी चिडलेला होतो ते तेवढ्यापुरतं विसरलो.

हट्टा गावाजवळच्या आमच्या खेड्यात पंचमीला घरातून आवाजच नाहीसे व्हायचे. एरवी सकाळी विळीचा खर्रखर्र, फोडणीचा चुर्र, तव्यावर भाकरी पडल्याचा थप्प. पंचमीला यातलं काहीच नाही. फक्त चुलीवर पितळेचं मोठं पातेलं, त्यावर चाळणी, चाळणीवर हळदीची हिरवीगार पानं आणि त्या पानांवर मायने मांडलेली दिंडं. दिंड म्हणजे कणकेची पुरी लाटून तिच्यात पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालायची आणि उकडायचं. पातेल्याच्या तळाशी माय नदीतला एक गुळगुळीत गोटा टाकायची. पाणी उकळत असेपर्यंत तो खुळखुळ वाजायचा. वाजायचा थांबला की पाणी संपलं. त्या खुळखुळण्याच्या लयीवर आम्ही भूक काढायचो. झाकण उघडलं की हळदीच्या पानाचा वास यायचा, थोडा आंब्याच्या कोयीसारखा, थोडा पावसात भिजलेल्या बांधासारखा. तो वास मी नंतर कुठेच घेतलेला नाही. मी दिवसभर हळदीतच असतो, पण ती वाळलेली, घासलेली, पोत्यात भरलेली हळद. तिचा वास वेगळा. पान आणि कंद एकाच झाडाचे, पण एकमेकांना ओळख देत नाहीत.

वाफ म्हटलं की मला दुसरा एक महिना आठवतो. उन्हाळा लागता लागता हळद निघायची आणि शेताशेतांत भट्ट्या लागायच्या. मोठ्या लोखंडी कढया, त्यांत हळकुंडं, वरून हळदीचाच वाळलेला पाला आणि गोणपाट. पहाटेपासून शिवारावर पिवळसर धुकं. बापू गोणपाट काठीने उचलून एक हळकुंड काढायचे, त्यात गवताची काडी टोचून बघायचे. काडी आरपार गेली की ओरडायचे, "उतरवा!" मग चार माणसं एकदम धावायची. शाळेत जाताना आमच्या कपड्यांना तो वास असायचा आणि मास्तर नाक वाकडं करायचे. आता बॉयलर आलेत. नळी जोडली, शिट्टी झाली, झालं. बॉयलरची वाफ एका नळीतून सरळ वर जाते. ती कोणाच्या अंगावर येत नाही.

"प्लेट घ्या ना बाबा, पुढे सरका," गौरी म्हणाली. चष्मा पुसेपर्यंत माझ्या पुढे दोन बाया घुसल्या होत्या.

दुपारचं सांगितल्याशिवाय माझी चिडचिड कळणार नाही.

आक्का येणार म्हटल्यावर मी ठरवलं की यंदा घरी दिंडं करायची. सुनंदा नांदेडकडची, तिच्या माहेरी पंचमीला दुसरं काहीतरी करतात. तिने दिंडं कधी केलेली नव्हती. पण ती हो म्हणाली. हळद घेऊन येणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून मी पानं मागवली. डाळ मी स्वतः मोजून आणली, गूळ पारखून आणला. आणि आक्का आली तेव्हा तिला पाटावर बसवलं. माहेरवाशिणीने पंचमीला कामाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नेम. माय जिवंत असताना आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नुसती उभी राहिली तरी माय तिला हाकलून द्यायची. मी तो नेम जसाच्या तसा पाळायचा ठरवला.

"तू बस," मी म्हणालो. "उठायचं न्हाई. काय लागलं तर सांग."

"मला काय लागते? काही नको," आक्का म्हणाली.

चहा विचारला, काही नको. पंखा लावू का, राहू दे. उशी देऊ का, कशाला. ती पाटावर पाठ ताठ करून बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, जशी एखाद्या साखरपुड्याला आलेली बाई बसते. बोलत होती ते सगळं पावसाचं, सोयाबीनचं, गाडीच्या गर्दीचं.

स्वयंपाकघरात सुनंदाने दिंडं केली. दिसायला चांगली दिसत होती. चाळणीवर पानं घातली, दिंडं मांडली, झाकण ठेवलं. थोड्या वेळाने वास येऊ लागला आणि मी खूश होऊन आक्काकडे बघितलं. तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. झाकण उघडलं तर दिंडं नव्हती. सगळ्यांच्या घड्या उघडल्या होत्या, पुरण चाळणीतून खाली पाण्यात गेलं होतं आणि पातेल्यात पिवळा गढूळ रस उकळत होता. वर राहिल्या होत्या ओल्या, रिकाम्या पुऱ्या, पानांना चिकटलेल्या. सुनंदा ओट्याला धरून उभी राहिली. गौरीला हसू आलं होतं, पण तिने दाबलं.

"काय झालं? काहून गप्प झाले समदे?" आक्काने बाहेरून विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "थोडं सुटलं."

"सुटतं कधी कधी," आक्का म्हणाली.

ते पुरण वाटीत घेऊन आम्ही चमच्याने खाल्लं. तूप होतं, चव वाईट नव्हती. पण चमच्याने खाल्लेलं पुरण म्हणजे काय सण झाला? आक्काने चाटून पुसून खाल्लं, "चांगलं झालं" म्हणाली आणि पुढे बोलली, "सकाळची गाडी सातची का साडेसातची?" मला तिथेच कळलं, ही पुढच्या वर्षी येत नाही.

संध्याकाळी सगळ्यांनाच भूक लागली. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि दिंडांचा प्रयोग पुन्हा करायची कोणाची हिंमत नाही. तेव्हा गौरी म्हणाली, "आत्या, मोमो खाता का? उकडलेलेच असतात." मी तिला गप्प करणार होतो, तर आक्का म्हणाली, "चाल." दिवसभरात तिने कशाला हो म्हटलं असेल तर या एका गोष्टीला.

अखेर प्लेटा मिळाल्या. स्टुलं मिळाली नाहीत, दोनच मिळाली. आक्का आणि सुनंदा बसल्या, मी आणि गौरी उभे. आक्काने मोमो हातात धरून सगळीकडून बघितला. वरच्या चुण्या मोजाव्यात तशा बोटाने चाचपल्या. "लुगड्याच्या निऱ्यांवाणी घातल्यात गं," ती सुनंदाला म्हणाली. मग अख्खाच तोंडात टाकला आणि तोंड उघडं ठेवून हात हलवू लागली. "पोळलं! पोळलं!"

"आत्या, फुंकून खायचं असतं."

"मला काय माहीत, आत आग ठेवली हाय म्हणून." डोळ्यांत पाणी आलेलं, पण हसत होती. सकाळपासून पहिल्यांदा.

मला वाटलं, हीच वेळ आहे. आपल्या जुन्या गोष्टी काढू, म्हणजे हिला आपलं घर आठवेल. मी गौरीला सांगू लागलो की पंचमीला गावात झोका कसा बांधायचे, चिंचेच्या फांदीला दोर टाकून.

"चिंच न्हाई. कडू लिंब," आक्का म्हणाली.

"चिंच होती आक्का. मारुतीच्या पारामागं."

"पारामागं लिंबच व्हता. चिंच पाटलाच्या मळ्यात. चिंचेला झोका बांधतेत व्हय कुठं? चिंचेवर भूत ऱ्हातंय."

"मला पक्कं आठवतंय. खाली चिंचा पडलेल्या असायच्या."

"श्रावणात चिंचा पडतेत?" आक्का म्हणाली. "आन् तू झोक्यावर बसला कधी होतास, रे? पोरींचा झोका तो. तू खाली उभा राहून रडत राहायचास, मला बी घ्या मला बी घ्या."

शेजारच्या स्टुलावरच्या दोन बाया हसल्या. गौरी तर खोकेपर्यंत हसली. मला राग आला. चिंचेवरून नव्हे. त्या घरातली, त्या गल्लीतली आता आम्ही दोघंच उरलो आहोत. माझ्या आठवणीला दुसरा साक्षीदार कोण तर आक्का, आणि तिचं वजन माझ्या वजनाशी जुळत नाही. एकाच पोत्याला दोन काट्यांवर दोन आकडे. मग खरं काय होतं, हे विचारायचं कोणाला? मी मनात ते झाड पुन्हा उभं करून बघितलं. बारीक पानं दिसली. पण बारीक पानं लिंबालाही असतात. दोर आठवला, त्याचा करकर आवाज आठवला, वर जाताना फुगणारे परकर आठवले, बांगड्यांचा आवाज, आदल्या रात्री लावलेल्या मेंदीचा ओला, कडवट वास. झाड मात्र आता हलायला लागलं होतं. तिने ते माझ्या डोळ्यांदेखत बदललं होतं.

मी रागाने प्लेट ठेवायला टेबलाकडे गेलो. परत आलो तर आक्काचं स्टूल रिकामं.

"आक्का कुठं?" मी सुनंदाला विचारलं.

तिने हनुवटीने दाखवलं. टेबलाच्या आतल्या बाजूला सलीमभाईची बायको शाहीन मोमो वळत बसली होती. मांडीपुढे परात, शेजारी कोबीचं सारण. आणि तिच्यासमोर, पदर कमरेला खोचून, आक्का.

"ऐसा नै आपा," शाहीन सांगत होती. "अंगूठा अंदर रखो. हां. अब चुनट लो, छोटी छोटी."

"माझा आंगठा जाड हाय गं बाई."

"जाड अंगूठा अच्छा रहता. मजबूत मोडता."

आक्काने एक वळला. तो वाकडा झाला. दुसरा वळला. मग म्हणाली, "तुझं तू कर, मी माझ्या हातानं करते. बघ." तिने चकती घेतली, मधोमध सारण ठेवलं, कडेला ओलं बोट फिरवलं आणि चारी बाजूंनी घडी घातली, पटापट, एकावर एक. मग उलटी करून ठेवली. "शिवण खाली. शिवण वर ठेवली की वाफेनं तोंड उघडतंय."

"ये तो डिब्बा हो गया, आपा!"

"डिब्बाच असतो आमचा."

शाहीन हसली. तिने ते चौकोनी मोमो भांड्यात ठेवले. सलीमभाई ओरडला, "ये क्या नया माल है?" आणि शाहीन ओरडली, "पंचमी स्पेशल!" समोर उभ्या असलेल्या बाया पुढे सरकल्या, काय आहे काय आहे करत. एक म्हणाली, "अय्या, दिंडं!" दुसरी म्हणाली, "माझी आई अशीच करायची." आणि पाच-सहा जणींनी एकदम तीच प्लेट मागितली. आक्का मान खाली घालून घड्या घालत होती. कपाळावर पीठ लागलं होतं. मी तिला इतकी आपली, इतकी घरातली, दिवसभरात एकदाही बघितली नव्हती. ती लग्नाआधी अशी दिसायची. माय बाहेर गेली की चुलीपुढे बसून, माझ्यावर ओरडत, एका हाताने भाकरी थापत.

मग झाकण उघडलं. वाफ आली, आणि वाफेतून चौकोनी दिंडं निघाली, एकही न उघडलेली. कोबीची दिंडं, मैद्याची, खाली केळीचं नाही, हळदीचं नाही, कसलंच पान नाही. पण घडी तीच. मायची.

मी टेबलाजवळ गेलो. माझा आवाज जरा चढलाच होता. "तुला येत होतं ना हे? दुपारी तू समोर बसली होतीस. सुनंदाची सगळी फुटली. एका शब्दानं सांगितलं न्हाईस, शिवण खाली ठेव म्हणून."

आक्काने हात थांबवले नाहीत.

"तिथं कसं सांगावं?" ती म्हणाली. "तिथं मी पाव्हणी होते."

"पाव्हणी? तू माहेरवाशीण. मायने कधी तुला हात लावू दिला होता का कामाला?"

"माय हाकलायची रे मला, बाबू," आक्का म्हणाली. "हाकलायची. मी जायची आन् ती हाकलायची. मी पुन्हा जायची, तिच्या मागून पुरण चोरायची, ती पळी घेऊन अंगावर यायची. दिवसभर आमचं तेच चालायचं. तू तर मला पाटावर बसवून ठेवलंस. देव्हाऱ्यातल्यासारखं. उंबऱ्यात येऊ बी दिलं न्हाईस. पाव्हणीला असंच बसवतेत. पाव्हणी एकदा येती, गोड बोलती, जाती." तिने हातातलं दिंड उलटं करून ठेवलं. "तसंच बोलवायचं असंल तर नगं बोलवूस पुढच्या खेपेला. मला अवघड होतंय."

नेम तर मी बरोबर पाळला होता. अक्षर न् अक्षर. त्या नेमाच्या मागे काय चालायचं, ते स्वयंपाकघरात चालायचं, आणि मी तेव्हा बाहेर, चुलीपासून लांब, गोट्याचा खुळखुळ ऐकत बसलेला असायचो. मला त्या सणाचा फक्त बाहेरचा भाग माहीत होता. मी माझ्या बाजूने हिशेब पुरा केला होता आणि तरी वजन कमी भरलं होतं. एवढी चीड मला गर्दीची नव्हती आली, ना रांगेची, ना चिंचेची. सलीमभाई माझ्या कानाजवळ ओरडत होता, कोणीतरी माझ्या पायावर पाय देऊन गेलं, आणि मी नुसता उभा.

सुनंदा स्टुलावरून उठून टेबलापाशी आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने आक्काशी मोठ्या आवाजात कधी बोललेलं मला आठवत नाही. ती म्हणाली, "आक्का, चुकलं तेव्हा तुम्ही पाटावरून, दारातून आत बघत होता. मला दिसलं. मला असं रडू येत होतं, आणि तुम्ही 'सुटतं कधी कधी' म्हणाल्या."

"मग काय म्हणू?"

"शिव्या द्यायच्या! माझ्या हातून परात ओढून घ्यायची!"

आजूबाजूच्या बाया ऐकायला जवळ सरकल्या. शाहीनने एक मोमो वळून बाजूला ठेवला, दुसरा घेतला नाही.

"उद्या जायचं नाही," सुनंदा म्हणाली. "रात्री डाळ भिजत घालते. पानं फ्रिजात आहेत. पहाटे मी तुम्हाला उठवणार, आणि दिंडं तुम्ही करायची. मी नुसती वरचं काम करणार."

"पहाटे?" आक्का म्हणाली. तिने पिठाचा हात कमरेवर ठेवला. "पहाटे उठायला मी काय सासरी हाय का? माहेरी आले मी. तिकडं रोज चारला उठते. इथं मला कुणी उठवलं तर बघा."

त्या बाया इतक्या मोठ्याने हसल्या की सलीमभाईने पुढच्या गिऱ्हाइकाची प्लेट चुकून माझ्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा डाळ भिजून पातेल्याच्या वर आली होती. सुनंदा आंघोळ करून, ओटा पुसून, परात मांडून बसली होती. रिसोडची गाडी गेली असणार. उन्हं खिडकीतून फरशीवर आली, फरशीवरून भिंतीवर चढली. आतल्या खोलीत आक्का घोरत होती. आमच्या बापूंसारखीच, मध्येच थांबून, मग एकदम जोरात. मला काट्यावर जायचं होतं. डब्यात द्यायला घरात काही नव्हतं, कारण आक्का उठल्याशिवाय चूल पेटवायची नाही असं सुनंदाने ठरवलं होतं. मी दोनदा शर्ट घातला, दोनदा बाहेर येऊन बसलो. उशीर होत होता आणि मला उशीर होतो तेव्हा काही सुचत नाही.

"उठवू का त्यांना?" शेवटी सुनंदानेच विचारलं.

"खबरदार," मी म्हणालो, आणि रिकामा डबा तिथेच ठेवून, दार न वाजवता ओढून घेऊन, कामावर गेलो.